अविनाशचा कूलर

फोन खाली घरमालकीणबाईंकडे आला. मारतहळ्ळीतल्या त्या घरात वरच्या मजल्यावर मी आणि अविनाश भाड्यानं राहायचो, फोन मात्र खालीच. बाई बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या मराठी घरातल्या, सगळे त्यांना अक्का म्हणतात. गुडघे दुखत असताना त्या स्वतः जिना चढून आल्या. अविनाश आईला आणायला नागपूरला गेला होता, भर मे महिन्यात. तिकडून त्याच्या मामांचा फोन होता... ऊन लागलं आणि अविनाश गेला. मी पुन्हा विचारलं, आई का? अक्का म्हणाल्या, नाही, अविनाशच. त्याला आता कित्येक आठवडे झाले, पण माझा राग जात नाही. एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही मी सारखा उठून गॅलरीत जातो, आणि गॅलरीत त्याचा तो कूलर आहे.

बंगळुरात कूलर करून घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. इथे मे महिन्यातसुद्धा पहाटे चादर ओढावी लागते. या गृहस्थानं चिकपेटेच्या बाजारात हिंडून पत्रा, पंखा, पंप जमवला, वाळ्याच्या ताट्या नागपूरहून रेल्वेत मांडीवर घेऊन आणल्या आणि गॅलरीच्या खिडकीला कूलर बसवला. अक्कांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "इथं कशाला हे, अण्णा? स्वल्प खिडकी उघडली की झालं." मी पुण्याचा, मला तर चेष्टेला आयतं निमित्त मिळालं. तो नुसता हसायचा. कूलर आमच्यासाठी नव्हताच. वाळ्याच्या वासाशिवाय आईला उन्हाळ्यात झोप लागत नाही, ती आली की कूलर लागेल, तोवर तो कोरडाच उभा होता.

सुट्टीच्या दिवशी हा माणूस कॉम्प्युटरवर एकच खेळ खेळायचा. तापलेल्या ग्रहावर जमिनीखाली वसाहत वसवायची. यंत्रं चालली की उष्णता साठत जाते, पिकं करपतात, माणसं भोवळ येऊन पडतात. मी खेळलो की इमल्यांवर इमले चढवायचो, आणि हा पाण्याच्या नळ्या टाकत बसायचा. त्याच्या पहिल्या वसाहतीचं मात्र पार भजं झालं होतं. गारव्याची यंत्रं लावली आणि पठ्ठ्यानं बाहेरचा दरवाजा उघडा ठेवला! कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची, हे नागपूरच्या माणसाच्या हाडात मुरलेलं. बाहेरची भट्टी आत आली आणि सगळी वसाहत आडवी झाली. मी पोट धरून हसलो. त्याला हसू आलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करताना, पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "गारवा कोणी बनवत नाही बे. गरमी फक्त दुसरीकडे नेऊन टाकावी लागते." मग त्याच सुरात त्यानं सांगितलं की त्याचे बाबा मे महिन्यात भर दुपारी सायकलनं घरी आले, ओसरीवर बसले आणि उठलेच नाहीत. घरात कूलर चालू होता. हा तेव्हा कॉलेजच्या हॉस्टेलवर होता... त्यानंतर मी त्या खेळाची चेष्टा केली नाही.

दर रविवारी एसटीडी बूथवरून तो आईला एकच गोष्ट विनवायचा, उन्हाळ्यापुरती तरी इकडे ये. तिचंही एकच उत्तर, घराला कुलूप लागलेलं तुझ्या बाबांना आवडायचं नाही. काचेच्या दारामागे तो येरझाऱ्या घालायचा, फोनची दोरी पुरेल तेवढ्या. या वर्षी कशी कोण जाणे, आई हो म्हणाली. तिनं मन बदलायच्या आत हा गाडीत बसला. आणि तिथे पोचल्यावर परतीच्या तिकिटांसाठी भर उन्हात रांगेत उभा राहिला, डोक्याला दुपट्टा नाही, खिशात कांदा नाही. नागपूरचं शेंबडं पोरही अशी चूक करत नाही. पण बंगळुरानं त्याची उन्हाची सवय मोडली होती. खेळातल्या खोट्या माणसांना ऊन लागू नये म्हणून रात्रंदिवस धडपडणाऱ्याला स्वतःचं डोकं झाकायचं सुचू नये, याचा मला संताप येतो. तो समोर असता तर मी त्याला झोडपला असता.

गेल्या आठवड्यात आई आल्या, मामांबरोबर, त्याचं सामान न्यायला. मामा खाली अक्कांकडे बसले. बाहेर झिमझिम होती, आईंनी अक्कांची शाल पांघरली होती. खोलीभर फिरून त्या खिडकीशी आल्या, हात बाहेर घालून ताट्या चाचपल्या आणि म्हणाल्या, "सुरू कर."

मी टाकीत पाणी ओतलं. पंप खोकला, ताट्या भिजल्या आणि सगळ्या खोलीत वाळ्याचा वास भरला. आई शाल घट्ट ओढून त्याच्या कॉटवर, वाऱ्याच्या तोंडाशी बसल्या. त्या कुडकुडताना पाहून मी समोरची खिडकी लावायला गेलो.

"राहू दे उघडी," त्या म्हणाल्या. "गरमी जाईल कुठून मग?"

थंडी वाजत नाही का, असं मी विचारलं. वाजते, म्हणाल्या, पण तो गेल्यापासून झोप नाही, आता येईलसं वाटते. थोड्या वेळानं त्या तशाच आडव्या झाल्या आणि त्यांना झोप लागली. मी पाण्याची बादली घेऊन कूलरशेजारी बसलो. टाकीतलं पाणी उतरलं की भरत होतो. त्या जाग्या होईपर्यंत मी उठलो नाही.