पडवी पाडली, टाइल्स वाचल्या

२००६ सालच्या सर्वपित्री अमावास्येला, भर दुपारी, आमच्या शहरातल्या एका म्हाताऱ्या बाईचं स्वयंपाकघर गेलं. ही बाई म्हणजे काकू. इथल्या हॉस्पिटलात जन्म काढलेल्या एका डॉक्टरांची विधवा. आम्हा सगळ्यांची काकू, म्हणजे वेळ आली तेव्हा कुणाचीच नाही.

पत्रकाची सुरुवात अशीच करायची असते: कुणाचं गेलं, कधी गेलं, ते आधी सांगून टाकायचं. हे मला ज्यांनी शिकवलं तेही या गोष्टीत आहेत. तेव्हा त्यांचीच विद्या त्यांना परत.

मी तेव्हा इंग्लंडच्या उत्तरेतल्या या शहरात मास्टर्स करत होते आणि शनिवारी जुन्या इमारती वाचवणाऱ्या एका संस्थेची पत्रकं वाटत होते. संस्थेच्या बाई आम्हाला शहराच्या लपलेल्या कोपऱ्यांतून फिरवायच्या. बँकेचा पब झालाय, पण वर मान केली की सोनेरी घुमट तसाच. चौकाखाली जमिनीत बंद पडलेली मुतारी, तिचे पितळी नळ अजून चकचकीत. वखारीच्या छपरावर दगडी मांजर, कुणी बसवली कुणाला ठाऊक नाही. बाई त्या नळांवरून असा हात फिरवायच्या की त्यांच्या नवऱ्याला हेवा वाटावा. मला ते सगळं मनापासून आवडायचं. दगडावर एवढी माया करणारी माणसं वाईट कशी असतील, असं वाटायचं.

फेरी संपायची ती दोन गिरण्यांमधल्या बोळात. एकावेळी एकच माणूस जाईल असा बोळ, आणि त्याच्या तोंडाशी अचानक चर्चचा जुना हॉल. दारावर नाक तुटलेलं दगडी डोकं. आत कमरेइतक्या उंच हिरव्या टाइल्स, तळ्याच्या पाण्यासारख्या. हाच हॉल आमचं मराठी मंडळ गणपतीला आणि दिवाळीला भाड्यानं घ्यायचं. आणि हॉलच्या पाठीमागे, कुणी कधी फोटो काढला नाही अशी, पत्र्याची पडवी. तिच्यात एक जुना गॅस, एक सिंक, एक खिडकी. किल्ली काकूकडे.

मुलाच्या घरी काकूला फोडणी करायला बंदी होती. सून वाईट नव्हती, असं काकूच सांगायची. "अगं, तिचे कोट असतात ना दाराशी टांगलेले. वास बसतो. ऑफिसात लोक नाक मुरडतात म्हणे." त्या घरात काकू ब्रेड खायची आणि दर शुक्रवारी ट्रॉलीबॅगेत कढई, पोळपाट, मिसळणाचा डबा घालून बसनं पडवीत यायची. मीही जायचे. ती मोहरी टाकायची आणि तडतड थांबेपर्यंत बोलायची नाही. मग म्हणायची, "हं. आता मी घरी आले."

सर्वपित्रीला ती डॉक्टरांचं पान मागच्या भिंतीवर ठेवायची. "इथले कावळे वांड आहेत, शिवतात कसले, पळवतातच. पण येतात हो. माणसांपेक्षा बरे."

काकूची एक शिस्त होती, आणि ती मंडळानंच तिला लावली होती. जाताना काही म्हणजे काही मागे राहता कामा नये. खिडकी सताड उघडायची, ओटा ब्लीचनं पुसायचा, उंबऱ्यावरची रांगोळी ओल्या फडक्यानं टिपायची, वर सुगंधी फवारा. मंडळाचे अध्यक्ष, पुण्याहून बँकेच्या सॉफ्टवेअरसाठी आलेले, दर कार्यक्रमानंतर नाक वर करून हॉलभर वास घेत हिंडायचे. "काकू, आपण इथे पाहुणे आहोत. आपण होतो हे कळताच कामा नये." टाळ्या पडायच्या या वाक्याला.

त्या वर्षी हॉल विकायला निघाला. संस्थेनं तो वाचवायचं ठरवलं, आणि मी खुळ्यासारखी आनंदले. कौन्सिलचा एक अधिकारी पाहणीला येणार होता: काय राखायचं, काय पाडायचं. नेमका सर्वपित्रीला. अध्यक्षांचा काकूला आदल्या दिवशीच फोन: "तेवढं उद्या काही शिजवू नका हं. इम्प्रेशन खराब होतं."

काकूनं त्या दिवशी डॉक्टरांचं पान वाढलं नाही. सकाळपासून ती पडवी घासत होती. गॅसच्या बर्नरचा काळेपणासुद्धा तिनं तारेनं काढला. मी म्हटलं, "काकू, राहू द्या ना थोडं. कळू दे त्यांना." ती म्हणाली, "वेडी आहेस का? मोठा माणूस येतोय. घर लख्ख दिसायला नको?"

अधिकारी आला. टाइल्सपुढे तो आणि आमच्या बाई देवापुढे उभे राहावेत तसे उभे राहिले. मग तो पडवीत डोकावला आणि त्यानं वास घेतला. ब्लीच.

"हे कुणी वापरत नाही वाटतं."

अध्यक्ष तयारच होते. "नो, नो. आम्ही जेवण बाहेरून मागवतो. अगदी क्लीन."

मी मोठ्यानं सांगितलं की या बाई दर शुक्रवारी इथे स्वयंपाक करतात. अध्यक्ष हसले. "स्टुडंट आहे. कॅम्पेन-बिम्पेन करते." अधिकारीही हसला. मग त्याची नजर बोळात गेली. तिथे काकू ट्रॉलीबॅग धरून उभी, आत कढई.

"कुणाची वाट बघताय का, लव्ह?" इथे कुणाही बाईला म्हणतात तसं तो म्हणाला.

"नाही, नाही," काकू इंग्रजीत म्हणाली. साठच्या दशकापासून इथे राहिलेल्या बाईचं स्वच्छ इंग्रजी. "मी निघालेच आहे."

मी तिचा हात धरला. "सांगा ना त्यांना! तुमची आहे ही जागा!"

"हळू बोल गं. चहा करत असेन कधीतरी. कशाला त्यांचा खोळंबा."

अध्यक्षांनी तिच्याकडून किल्ली मागून घेतली आणि अधिकाऱ्याच्या हातात दिली, दोन्ही हातांनी, प्रसादासारखी.

हॉल वाचला. टाइल्स वाचल्या, तुटक्या नाकाचं डोकं वाचलं. पडवी 'नंतर जोडलेली, निरुपयोगी' म्हणून पुढे एका सकाळी पाडली. संस्थेच्या बाईंना मी जाब विचारला. त्या अगदी प्रेमानं म्हणाल्या, "पण डिअर, तो तर पत्रा होता."

त्याच दिवशी मी संस्था सोडली. पण पुढच्या फेरीला काकू निघाली. किल्ली गेल्यावर पैसे न पडता आत शिरायचा तोच रस्ता उरला होता, म्हणून मीही तिच्यासोबत गेले. मागच्या मोकळ्या जागेत आता बाक आणि लॅव्हेंडरच्या कुंड्या. बाईंनी हात पसरून सांगितलं, "इथे एक भयंकर शेड होती. देवाच्या कृपेनं गेली." घोळका हसला. काकूही हसली, सगळे हसताहेत म्हणून, सभ्यपणे. मग ती भिंतीकडे बघत उभी राहिली. फोटो काढणाऱ्या एका गृहस्थानं तिला हातानं खूण केली: जरा बाजूला. ती बाजूला झाली.

मंडळाची दिवाळी अजून त्याच हॉलमध्ये होते. जेवण केटररकडून, झाकणबंद डब्यांत. काकू शेवटच्या रांगेत बसते. मागच्या दिवाळीला अध्यक्षांनी भाषणात 'आपल्या ज्येष्ठांचा वारसा' म्हटलं तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या. तिचा मुलगा शेजारी बसून फोन बघत होता. तोही हे वाचणार आहे. वाच बाबा, नीट वाच.

आणि तुम्ही, मंडळाच्या अंकात हे वाचणारे सगळे. त्या पाडणाऱ्या माणसाला शिव्या देऊन सुटका नाही. त्यानं जे दिसलं नाही ते पाडलं. दिसू दिलं नाही ते तुम्ही. तुमच्या घरात लखलखीत ओटे आहेत, वर धूर ओढणारे पंखे आहेत, आणि शुक्रवारी दुपारी तुम्ही सगळे ऑफिसात असता. घर रिकामं असतं. मला तुमची सही नको, वर्गणी नको, हळहळ तर मुळीच नको.

घराची किल्ली काकूला द्या. या शुक्रवारी. खिडकी उघडी ठेवा, असं तिला सांगू नका. आणि संध्याकाळी कोटाला फोडणीचा वास आला, तर सोमवारी तोच कोट घालून ऑफिसात जा.