माजघरात कोंडलेली दोन वर्षं

स्वातंत्र्याच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. मी बारा वर्षांची झाले आणि आईने माझं उन्हात जाणं बंद केलं. चौथीनंतर शाळा सुटलीच होती. रंग काळा, लग्न जमणार नाही, म्हणून मला उजळवायचं ठरलं. दोन वर्षं मी खिडकी नसलेल्या माजघरात काढली. सकाळ-संध्याकाळ अंगाला सायीत कालवलेलं डाळीचं पीठ. कोल्हारात प्रवरेच्या काठी घर, पण धुणंसुद्धा मी नदीवर न्यायचं नाही.

दुसऱ्या वर्षी मांड्या आणि कंबर ठणकू लागली. जात्यावरून उठताना भिंत धरावी लागे. आई म्हणे, कामचुकार आहे. भाजी घेऊन येणाऱ्या शेतकरणीने मला पाहिलं आणि आईला सरळ विचारलं, "वैनी, पोरीला कशापायी कोंडलंय? उन्हाबिगर रोपबी पिवळं पडतं." आईने तिची भाजी घेणं बंद केलं.

मग कोपरगावकडचे लोक बघायला आले. सुईत दोरा ओवून झाला. मुलाच्या आईने चालून दाखव म्हटलं. मी ओसरीवर बदकासारखी डुलत गेले.

"मुलगी गोरी आहे खरी," ती म्हणाली, "पण पाण्याला जाईल ती कुणाच्या खांद्यावर बसून?"

सगळे हसले. वडीलही कसनुसं हसले, ते मी पाहिलं.

वडील मला नगरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी नडगी दाबली तशी मी ओरडले. वाढत्या वयात हाडांना ड जीवनसत्त्व लागतं, ते अंगावर ऊन पडलं की तयार होतं, असं त्यांनी वडिलांना समजावलं आणि माशाच्या तेलाची बाटली दिली. आईने ती घरात घेतली नाही, म्हणून ती गोठ्यात राहिली. मी तिथेच नाक दाबून तेल प्यायचे आणि मागच्या अंगणात उन्हात बसायचे.

"काळी पडलीस तर कोण करील तुला?" आई म्हणाली.

"कुणी नको. मला चालायचंय."

तिने पाठीत लाटणं घातलं. मी उठले नाही.

ठणका वर्षभरात गेला. पाय वाकडे राहिले ते राहिलेच. पुढे एका बिजवराशी लग्न झालं. पहिलं बाळंतपण माहेरी. मूल दोन दिवस अडलं आणि गेलं. सुईण म्हणाली, हिच्या कंबरेची हाडं नीट वाढलेली नाहीत. आई म्हणाली, "नशीब गं तुझं."

"नशीब नाही. हे तू केलंस."

पुढच्या बाळंतपणाला मी माहेरी गेले नाही.