सादाएची आतली खुर्ची

जपानमधल्या नुमाझूच्या हौशी वाद्यवृंदात व्हायोलावाल्यांना, म्हणजे व्हायोलिनच्याच जरा मोठ्या, खालच्या सुराच्या भावंडाच्या वादकांना, तसंही कोणी खिजगणतीत धरत नाही. व्हायोलिनवाल्यांनी मिरवायचं, चेलोवाल्यांनी गहिवरायचं आणि यांनी मध्ये बसून मुकाट्याने साथ करायची. त्यातही सादाए कुरामोची ही बाई बसायची आतल्या खुर्चीवर. दोघांत एकच स्टँड, त्यावर स्वरलिपी. पान संपत आलं की आतल्याने वाजवणं थांबवून ते उलटायचं, बाहेरच्याने वाजवत राहायचं, अशी रीत. बाहेर बसत इवाकिरीसान, निवृत्त पोस्टमन. इतकी वर्षं सादाएने त्यांचीच पानं उलटली.

तिचं सगळं आयुष्यच तसं चाललं होतं म्हणा. पहाटे शाळांसाठीच्या स्वयंपाकघरात मिसो सुपाचे हंडे ढवळायचे, दुपारी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना भरवायचं, संध्याकाळी नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी काढायचं. रविवारी सरावाला येईतो तिचे खांदे भरून आलेले असत. व्हायोला हनुवटीखाली धरला की तिथेच डोळा लागेल, असं वाटे.

यंदाच्या सिंफनीत, संथ भागात, एक जागा होती. बाकी सगळे बाजूला होतात आणि धून फक्त व्हायोलांकडे येते. चारच ओळी. आणि ती ऐन वर चढत असताना पान संपतं. हीच सिंफनी त्यांनी पूर्वी दोनदा केली होती. दोन्ही वेळा सादाएने पान उलटलं आणि तो चढ नुसता ऐकला.

मैफिलीच्या दिवशी रंगमंचामागे डबा खाताना ती एकदम म्हणाली, “इवाकिरीसान, आज खुर्च्या बदलूया?”

“आज? अहो, इतकी वर्षं काय झोपला होतात?”

“झोपायलाच तर मिळालं नाही. मला ती धून एकदा पुरी वाजवायचीय. पुढच्या वर्षी हे खांदे साथ देतील असं वाटत नाही.”

इवाकिरीसान भातावरचं खारवलेलं आंबट उमे फळ चघळत राहिले. “बरं,” शेवटी ते म्हणाले, “पान मी उलटतो. पण सगळ्यांदेखत शिव्या खाव्या लागल्या तर तुमच्या वाट्याच्या तुम्ही खायच्या.”

संथ भागाची तालीम सकाळीच उरकली होती, तीही आपापल्या नेहमीच्या खुर्च्यांवर. पुन्हा घ्यायची कोणाच्यात ताकद नव्हती.

दुपारी सभागृह बऱ्यापैकी भरलं. सादाए बाहेरच्या खुर्चीवर बसली, इवाकिरीसान आतल्या. संथ भाग आला, बाकीची वाद्यं हळूहळू निवली आणि धून व्हायोलांकडे आली. सादाएचे खांदे त्या घटकेला दुखायचे थांबले. सूर वर चढू लागले, पान संपत आलं, आणि इवाकिरीसान वाजवतच राहिले. सवयच तशी. त्याहून वाईट म्हणजे सादाएचा गज खाली आला, हात पुढे झाला. पान उलटून झाल्यावरच तिला कळलं, की ते तिने उलटलंय. व्हायोला सावरेपर्यंत धून बासरीकडे गेली होती.

“मी गाढव आहे, गाढव!” आत आल्यावर इवाकिरीसान कपाळ बडवत म्हणाले.

“तुमचं काय चुकलं? हात तर माझाच गेला.”

तिला त्यांचा राग आला नाही, स्वतःच्या हाताचा आला. इतका, की नंतरच्या बिअरलाही ती थांबली नाही.

घरी नवरा, कानजी, आईच्या उशाशी टीव्ही बघत बसला होता. “कशी झाली मैफल?” त्याने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

“झाली.” सादाए अंगातला कोटही न काढता खाली टेकली.

“चहा,” सासूबाई पुटपुटल्या.

सादाएचा हात थर्मासकडे निघालासुद्धा. तिने तो वाटेतच पाहिला. मागे घेतला आणि मांडीवर दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.

“अहो, आईंना चहा द्या.”

“मी?”

“तुम्हीच.”

कानजी गुडघे धरत उठला. कप कुठे असतात म्हणून त्याने विचारलं, ते तिने सांगितलं नाही. तो एकेक कपाट उघडून बघत होता, तोवर तिने डोळे मिटून ती धून गुणगुणली, चढासकट, शेवटपर्यंत.