वळणावरचे हुलगे

गेल्या सुगीपासून चौडम्माच्या घशाखाली हुलग्याचं सार उतरत नाही.

वाळलेले हुलगे डांबरी रस्त्यावर पसरायचे, जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी मळणी व्हायची, अशी गावाची जुनी रीत. पण बेंगळुरूच्या कंपन्या शिवाराला येऊन भिडल्या नि रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली.

"आत्याबाई, वळणावर नका पसरू," सून म्हणाली.

"रस्ता काय त्यांच्या बापाचा?" चौडम्मा फणकारली.

दुपारी तिथंच मोटरसायकल घसरली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेला पोरगा धडपडत उठला.

"डोळे फुटले का रे?" चौडम्माच आधी कडाडली.

"चुकलं, अज्जी." लंगडत, रक्ताळल्या हातांनी त्यानं विखुरलेले दाणे ओंजळीत गोळा करून आणले.

आणि चौडम्मानं खुशाल पदर पुढे केला.