गल्लीतल्या बँकेची घासाघीस

चिकपेटेच्या कापडबाजारात आमच्या गल्लीत एक छोटी बँक होती. कापडवाल्यांनीच पैसे घालून काढलेली. मी फुटपाथवर कटपीस विकायचो तेव्हा इतर बँकांचे रखवालदार मला दारातूनच वाटेला लावत. या बँकेच्या मॅनेजरने मला आत बसवून खातं उघडून दिलं. पुढे त्याच इमारतीत, बँकेच्या खाली, माझं साड्यांचं होलसेल दुकान झालं.

मग एका मोठ्या खासगी बँकेने ती घेतली, आणि काही वर्षांनी त्या बँकेलाच एका परदेशी बँकेने घेतलं. हिची भूक दांडगी. केरळातली एक घेतली, तमिळनाडूतली एक घेतली, दुसऱ्या एका परदेशी बँकेचा कार्डांचा धंदा घेतला. पेपरात बातमी आली की लोक मला विचारत, "अण्णा, आता आपली बँक कुणाची?" मी म्हणायचो, "कुणाची का असेना, चेक वटतोय ना?" खरं सांगायचं तर मुलगी मोठ्या घरी पडल्यासारखं वाटत होतं.

पण त्यांच्या प्रत्येक खरेदीनंतर आमच्या शाखेतली एखादी खुर्ची कमी व्हायची. शेवटी कळलं, एवढ्या बँका गिळल्यावर एकेका भागात त्यांच्या दोन-दोन, तीन-तीन शाखा झाल्या आहेत. जास्तीच्या बंद करणार. आमची जास्तीची ठरली. खाती मल्लेश्वरमला जाणार, लॉकर पार शहराच्या टोकाला, हेब्बाळला.

खात्याचं मला काही नव्हतं, माझा मुलगा सगळं फोनवर करतो. प्रश्न अक्काच्या लॉकरचा होता. अक्का म्हणजे माझ्या शेजारची अस्तर-फॉलची दुकानदारीण. नात्याची नाही, पण माझं फुटपाथचं गाठोडं पावसात तिच्याच दुकानात असायचं. तिने लग्न केलं नाही. दुकानाच्या कमाईतून स्वतःसाठी पुतळ्यांची माळ घडवली, पाटल्या घडवल्या. गौरीच्या दिवशी जिना चढून लॉकरमधून ते काढायचं, अंगावर घालून दिवसभर गल्ल्यावर बसायचं, संध्याकाळी परत ठेवायचं. आता गुडघे गेलेत, ती हेब्बाळला कशी जाणार? तिचा भाचा केव्हाचा मागे लागला होता, "दागिने आमच्या घरी ठेव." ती ऐकत नव्हती.

बँकेची बाई गल्लीतल्या खातेदारांशी बोलायला येणार म्हटल्यावर सगळ्यांनी मला पुढे केलं. घासाघिशीत माझा हात धरणारा चिकपेटेत कोणी नाही, हे माझे शत्रूही सांगतील. निघताना अक्का धाकट्या भावाला सांगावं तसं म्हणाली, "तम्मा, स्वल्प नरम बोल. लॉकर राहिलं की झालं."

"तू फॉल वीक," मी म्हटलं. "मला शिकवू नको."

बाई पुण्याची निघाली, माझ्या मुलीच्या वयाची. "काका, तुम्ही मराठी? मला वाटलं इथे सगळे कन्नडच बोलणार!"

"तुमच्या पुण्यात पेठा वसत होत्या तेव्हापासून आहोत इथे," मी म्हटलं. ती हसली. मग लॅपटॉप फिरवून म्हणाली, "फुल ब्रांच नाही जमणार, काका. पण लॉकर रूम इथेच ठेवू आणि आठवड्यातून दोन दिवस एक ऑफिसर बसेल. बदल्यात तुम्ही सगळे करंट अकाउंट आमच्याकडेच ठेवा. वरून अप्रूव्हल घेऊन आलेय मी."

अक्काला हवं होतं ते सगळं त्यात होतं. पण पहिल्या भावाला हो म्हणणाऱ्याला आमच्याकडे वेड्यात काढतात. मी म्हटलं, "सहाही दिवस. आणि कॅशिअर पाहिजे."

"काका, हे फायनल आहे."

"मग राहू द्या." मी उठलो. माझ्यामागून सगळे उठले.

आमच्या बाजारात गिऱ्हाईक उठतं तेव्हाच खरा सौदा सुरू होतो. त्याने एक चप्पल घातली की दुकानदार 'या, बसा' म्हणत हाक मारतो, "बन्नी अण्णा, कूतकोळ्ळी!" मग गिऱ्हाईक परत येऊन बसतं, आणि दोघेही एकेक पायरी खाली येतात. हाक न येता जो परत फिरतो, त्याचा भाव गेला.

मी जिना अगदी सावकाश उतरलो. खाली दुकानाच्या दारात उभा राहिलो. थोड्या वेळाने ती उतरली, "थँक्यू काका, तुमचं डिसिजन कळवते वर," म्हणाली आणि कॅबमध्ये बसली. हाक मारायची तर मलाच मारावी लागली असती. मी नाही मारली.

पुढच्या आठवड्यात मान खाली घालून मी फोन केला. "काका, फाइल क्लोज झाली हो. तुम्हीच नाही म्हणालात ना, सगळ्यांसमोर?"

"मी नाही कुठे म्हटलं? मी उठलो होतो!"

"म्हणजे?"

मी फोन आपटला. अजून संताप होतो. एवढ्या बँका विकत घेतल्या या लोकांनी, त्यांच्यासमोरून कधी कोणी उठून गेलंच नसेल? तिथे हाका मारल्याच असतील ना? मग चिकपेटेतल्या एका गल्लीला एक हाक मारली असती तर काय बिघडलं असतं? पण रागाच्या तळाशी एक गोष्ट बोचत राहते. ती पोरगी 'फायनल' म्हणाली ते खरंच फायनल होतं. उभ्या आयुष्यात तसं म्हणून तसंच वागणारं माणूस मला भेटलंच नव्हतं.

शाखा बंद झाली. लॉकर रिकामं करताना अक्काला हाताला धरून मीच वर नेलं. भाचा पिशवी घेऊन उभा होता. बाकी दुकानदारांनी खाती दुसऱ्या बँकांत नेली. मीही नेणार म्हटलं तर मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या तीही यांनीच घेतली तर?"

यंदा गौरीच्या दिवशी अक्का गल्ल्यावर बसली होती, नवी साडी नेसून. गळा मोकळा. मी विचारलं, "अक्का, माळ?"

"भाच्याच्या बायकोने घातलीय. तिच्या ऑफिसात आज पूजा आहे म्हणे."

"मग मागायची ना! तुझी आहे."

"मागितली असती तर दिली असती रे," ती फॉलचा गठ्ठा सोडत म्हणाली. "पण आपलीच वस्तू मागायची कशी, ते मला येत नाही."

मी दोन चहा सांगितले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने तिचा परत पाठवला.