घरून दिसणारा ट्रक

नागपूरहून अमेरिकेत आलो तो प्रोग्रामर म्हणून, आणि नोकरी गेल्यावर ट्रक चालवायला लागलो. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "म्हणजे खरा ट्रक?" नाही बाप्पा, खेळण्यातला! ग्रीन कार्ड हातात होतं, अ‍ॅशबर्न गावात डोक्यावर छप्पर होतं, बायकोची नोकरी शाबूत होती. पुन्हा रेझ्युमे घेऊन पोरासोरांसमोर इंटरव्ह्यू द्यायचा मला वीट आला होता. मोठ्या गाड्यांचं वेड पहिल्यापासूनच. लायसन्स काढलं, जुना ट्रक घेतला आणि एका छोट्या कंपनीचा माल शिकागोकडे न्यायला लागलो.

बायको पुण्याची. तिनं विरोध केला नाही, पण धास्ती घेतली. तिची धास्ती एकच, मला चालवताना झोप लागेल. त्यात तिची नोकरी अशी, की डेटा सेंटरमध्ये स्क्रीनसमोर बसायचं आणि एखादा सर्व्हर गप्प झाला की ताबडतोब फोनाफोनी सुरू करायची. घाबरायचाच पगार मिळायचा तिला.

किती तास चालवलं आणि किती विश्रांती घेतली, हे तेव्हा आम्ही ड्रायव्हर कागदावर हातानं लिहायचो. सगळे थापा मारायचे, मीही मारायचो. मग कंपनीनं फर्मान काढलं, की आता ही नोंद ठेवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र गाडीत बसवा. दोन यंत्रं सुचवली, कुठलंही घ्या, महिनाभर वापरून बघा, नाही पटलं तर बदला. पहिलं यंत्र नोंद स्वतःपाशीच ठेवायचं. पोलिसानं अडवलं की दाखवायची, विषय संपला. दुसरं तेच करायचं, वर सॅटेलाइटनं सगळं वेबसाइटवर पाठवायचं. ट्रक कुठे आहे, चालू आहे की उभा, हे घरबसल्या दिसणार. चालू असला की हिरवा ठिपका, उभा असला की पिवळा.

"यात विचार काय करायचाय?" बायको म्हणाली. "दुसरंच घ्यायचं. तू थापा मारायचं बंद करशील आणि मला निदान कळेल तरी."

बसवलं दुसरं.

मी रात्री गाडी हाकायचो आणि दिवसा ट्रक स्टॉपला उभी करून सीटमागच्या बर्थवर झोपायचो. पडदे ओढले, बूट काढले, डोळा लागला, की फोन.

"थांबलास ना? दिसलं मला. म्हटलं ड्राइव्ह करताना डिस्टर्ब नको, आता निवांत बोलू. जेवलास का?"

जेवलो म्हटलं, पुन्हा आडवा झालो. मग नागपूरहून आई. "सूनबाई म्हणाली, आता थांबला आहेस. काय खाल्लं बाबू? आवाज असा काहून येऊन राहिला?" अगं, झोपेतून उठवलंस म्हणून येऊन राहिला! पण आईला असं बोलता येतं का? तिच्याशी सगळं सावकाश बोललो, मग कूस बदलली. दुपारी लंच ब्रेकमध्ये पुन्हा बायको.

"झोपलास का?"

"झोपलो होतो."

"बरं बरं, मग झोप."

एकदा वैतागून फोन बंद केला. मस्त झोप लागली, आणि काचेवर दाणदाण आवाज. बनियनवर उठून पडदा सारला तर बाहेर पोलीस! बिचारा हसत होता. तुमच्या बायकोचा फोन होता म्हणाला, तुम्ही जिवंत आहात ना ते बघायला आलो. मी संतापून घरी फोन लावला, चांगली खरडपट्टी काढायची म्हणून. पलीकडे ती इतकी रडत होती की मीच तिची समजूत काढत बसलो. पिवळा ठिपका आणि बंद फोन, एवढंच दिसत होतं तिला. त्यानंतर फोन कधी बंद केला नाही.

महिना संपत आला होता. ओहायोत, उजाडता उजाडता, मी सरळ रस्त्यावर होतो. होतो असं मला वाटत होतं. कडेला खाचा केलेल्या असतात, चाक त्यावर गेलं की अख्खा ट्रक थरथरतो. त्या थरथरण्यानं मला जाग आली. उजवीकडे एक बंद पडलेली मोटार उभी होती आणि तिच्याजवळ टायर बदलत एक बाई ओणवी झालेली होती. मी स्टिअरिंग ओढलं. तिला लागलं नाही. तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पुढच्या एक्झिटला गाडी थांबवली आणि खाली उतरून ओकलो.

घरी आल्यावर बायकोला स्वयंपाकघरात उभं राहूनच सांगितलं. ती पांढरीफटक पडली. मग लॅपटॉप उघडून मलाच दाखवायला लागली. "हे बघ ना, विश्रांती पूर्ण दिसतेय. एवढे तास तू झोपला होतास!"

"यंत्राला ट्रक उभा आहे एवढंच कळतं गं. मी झोपलो की नाही, ते त्याला काय कळणार? झोपलो असतो, तर फोनवर तुझ्याशी कोण बोललं?"

इतका आवाज मी तिच्यावर कधी चढवला नव्हता. तिनं लॅपटॉप मिटला आणि कणीक भिजवायला घेतली.

शनिवारी यंत्रवाल्याच्या दुकानात मी काही म्हणायच्या आत तीच पुढे झाली. हे काढा, ते पहिलं बसवा, म्हणाली. दुकानदारानं समजावलं, मॅडम, त्यात घरी काहीच दिसणार नाही. गाडी चालू आहे की उभी, तेसुद्धा नाही.

"तेच हवंय," ती म्हणाली. तोवर पर्सचा पट्टा गुंडाळून गुंडाळून तिनं मनगट लाल केलं होतं. मला एकदम भीती वाटली, माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. म्हटलं, राहू दे, मी फोन सायलेंट ठेवत जाईन. ती म्हणाली, "आणि मी? मी ठिपक्याकडे बघत बसले की फोन करणारच. मला ओळखतोस ना तू?"

ठरलं असं, की झोपायच्या आधी मी कळवायचं नाही. उठलो की मी फोन करायचा, तोवर कुणी करायचा नाही. आईलाही तिनंच निक्षून सांगितलं.

पहिल्या खेपेला इंडियानात थांबलो. पडदे ओढले आणि मेल्यासारखा झोपलो. जाग आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. फोन बघितला, एकही कॉल नाही. बायकोचा नंबर लावला. पहिली रिंग पुरती वाजलीही नसेल, तिनं उचलला.

"झोपलास?"

"पोटभर."



"मग ठेवू का हा फोन? सकाळपासून हातातच आहे. बोटं आखडलीत माझी."

"ठेव," मी म्हणालो.

तिनं बराच वेळ ठेवला नाही.