तोंड चढणीकडे

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला मातीचं जुनं धरण आहे. ते तपासायला देवरूखहून एक साहेब येतात. बांधावरून सावकाश फिरतात, पायथ्याशी पाझरणारं पाणी ओंजळीत घेऊन गढूळ नाही ना ते बघतात आणि मग आमच्या पडवीत येऊन बसतात. बोलणं ठरलेलं. "घाबरण्यासारखं काही नाही." कोकम सरबताचा एक घोट. "काही म्हणजे काहीच नाही."

गेल्या वर्षी हेच धरण सर्वांत जास्त धोक्याच्या वर्गात गेलं. आम्ही हबकलो. साहेब शांतपणे म्हणाले, "धरण ठणठणीत आहे हो. फुटलं तर खाली कोण सापडेल, यावर वर्ग ठरतो. तुमची घरं वाढली."

काकी तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "म्हंजे धोका आमचाच म्हना. आमी उठलो हितनं, की धराण बरं."

साहेबांनी सरबत संपवलं.

एक मात्र मी बघून ठेवलंय. हा माणूस आला की टेकण्याआधी मोटरसायकल वळवतो, तिचं तोंड धरणाला बगल देऊन डोंगरावर जाणाऱ्या चढणीच्या रस्त्याकडे करतो आणि किल्ली गाडीलाच ठेवतो.

हळूहळू वाडीतल्या सगळ्याच गाड्या तशा लागायला लागल्या. यंदा शिमग्यात देवीची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर उतरवली, तर गुरवाने तिचंही तोंड चढणीकडे केलं. साहेब दर्शनाला आले होते. पाया पडले, पालखीकडे नीट निरखून पाहिलं आणि गुरवाला हळूच म्हणाले, "बरोबर लावलीय."